धागा: फत्तेसिंहराव, वाघ आणि आपल्या विश्वामित्रीतले मगर

दांडियाबाजारवाला | रविवार, सकाळी ९:१२

मंडळी, लेकीच्या शाळेत प्रोजेक्ट आहे, 'बडोद्यातली थोर माणसं'. वर्गात सगळ्यांनी सयाजीराव घेतले, हिला काहीतरी वेगळं पाहिजे म्हणून मी सहज म्हटलं फत्तेसिंहराव घे, सयाजीरावांचे पणतू. म्हटलं आणि फसलो, कारण पुढचा प्रश्न आला, "त्यांनी काय केलं?"

आमच्या घरात फत्तेसिंहराव म्हंजे क्रिकेट. आजोबांचं पालुपदच होतं की महाराज रणजी ट्रॉफीत बडोद्याकडून खेळले आणि नव्व्याण्णववर आऊट झाले. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्याचे मॅनेजर, ६३ ते ६६ बोर्डाचे अध्यक्ष, सयाजीराव विद्यापीठाचे कुलपती, हे सगळं पाठ होतं. राजकारण पण थोडंफार. १९५७ आणि ६२ ला काँग्रेसकडून लोकसभेत, मधे विधानसभा आणि गुजरातचं मंत्रीपद, ७१ ला संघटना काँग्रेस, ७७ ला पुन्हा निवडून आले. पण लेकीबरोबर बसून वाचायला लागलो तेव्हा कळलं की २७ नोव्हेंबर १९६९ ला भारतात वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड सुरू झाला, तोच पांडाच्या चित्राचा, त्याचे पहिले अध्यक्ष आपले हे! आणि हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळतंय, तेपण लहानपणापासून विश्वामित्री नदीच्या पुलावरून मगर बघत मोठा झालेल्या माणसाला.

तेव्हा प्रश्न असा की बडोद्यात कुणाला हे माहीत होतं का? आणि अध्यक्ष म्हंजे नुसतं नाव लेटरहेडवर, की खरंच काही काम?

---

बॅकफूटपंच | ९:४०

नव्व्याण्णवचं बरोबर आहे, तोच त्यांचा सर्वोच्च स्कोअर. पुढे ७८-७९ आणि ८२-८३ च्या पाकिस्तान दौऱ्यांवरही मॅनेजर तेच होते. वाघांचं मला काही माहीत नाही, नवीनच ऐकतोय.

---

कडूकारलं | १०:०५

लेटरहेड.

सॉरी, सकाळी सकाळी कडू बोलतोय पण ही राजेलोकांची वन्यजीवप्रेमाची गोष्ट मला कधी पचली नाही. खंडेराव महाराजांच्या वेळी डबका गावच्या कुरणात काळविटांवर पाळलेले चित्ते सोडायचे, शहरात हत्तींची साठमारी चालायची आणि ती बघायला गोरे पाहुणे यायचे, त्यांनी लिहूनही ठेवलंय. शंभर वर्षं मारायचं आणि संपत आलं की अध्यक्ष व्हायचं. आधी मारणारेही हेच आणि मग वाचवणारेही हेच, मधे जंगलातला माणूस कुठेय?

---

पेठकर_पुणे | १०:३१

एक भाषिक शंका. 'मगर' मराठीत स्त्रीलिंगी आहे ना? धाग्याच्या नावात 'विश्वामित्रीतले मगर' वाचून दाताखाली खडा आला.

---

दांडियाबाजारवाला | १०:४४

@पेठकर, तुमच्याकडे मगर येते, आमच्याकडे मगर आला. गुजरातीत तो पुल्लिंगी आहे आणि दोनशे अडीचशे वर्षं इथे राहून आमचं तेवढं तरी बिघडणारच ने. पार्किंगमधे आठ फुटांचा आला की लिंगाचा विचार होत नाही.

@कडूकारलं, तुमचं साठमारीचं खरं आहे, नाकारत नाही. पण एक वेगळं बघा. १९६९ मधे शिकार कायदेशीर होती. संस्थानं गेली, खाजगी शिकारखाने सरकारजमा झाले, बंदुकीचं लायसन आणि जीप हाताशी आली आणि परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. अशा वेळेला वाघ मारू नका हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण? मारणारी मंडळी ज्यांच्याबरोबर जेवायला बसतात त्यांच्यातल्याच कुणीतरी उठून सांगितलं तर निदान घास हातात थांबतो. माझा अंदाज आहे की त्यांना खुर्चीवर बसवण्यामागे हेच असणार. हा अंदाजच हं, पुरावा नाही.

---

झूलॉजीवाली | ११:२०

अंदाज वाईट नाही. मी इथल्याच विद्यापीठात झूलॉजी केलं, थोडं सांगते.

१९६९ च्या नोव्हेंबरमधेच दिल्लीला आययूसीएनची, म्हंजे निसर्ग-संरक्षणाच्या जागतिक संघटनेची, मोठी सभा झाली, तिथे वाघाचा विषय ऐरणीवर आला. त्याच महिन्यात मुंबईत हा फंड ट्रस्ट म्हणून रजिस्टर झाला. फत्तेसिंहराव अध्यक्ष आणि रोजचं काम ओढणाऱ्यांत जफर फतेहअली, पक्षीनिरीक्षणवाले. (एक फत्तेसिंह, एक फतेहअली, परीक्षेत गोंधळ हमखास.) ७० ला वाघाच्या शिकारीवर बंदी आली. ७२ ला मोजणी झाली तर आकडा निघाला १८२७. पावलांच्या ठशांवरची मोजणी होती ती, त्यामुळे आकडा घट्ट धरू नका, पण लोकांना धक्का बसायला पुरला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ ला कॉर्बेटमधे प्रोजेक्ट टायगर सुरू झाला, पहिल्यांदा नऊ ठिकाणी. आंतरराष्ट्रीय फंडाने दहा लाख डॉलर उभे करायचं कबूल केलं होतं. बाहेरचा पैसा येणार म्हटलं की इथे त्याला विश्वासाचं तोंड लागतं, ते काम अध्यक्षाचं. आता हे लेटरहेड म्हणायचं की काम, तुम्ही ठरवा.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे आणि ते कुणी मोजत नाही. १९७६ पासून ह्या संस्थेने शाळाशाळांत नेचर क्लब काढले. आमच्या शाळेतही होता, नव्वदीच्या सुरुवातीला. मी दहा वर्षांची, हातात वही आणि पेन्सिल, कमाटीबागेत वडाखाली उभं करून मॅडमनी सांगितलं की एका झाडावर किती प्रकारचे जीव दिसतात लिहा. मी तेवीस लिहिले, त्यात दोन खोटे. आज जे काही करते ते त्या तेवीसपासून.

---

रावपुऱ्याची_काकू | ११:५८

लेकीच्या प्रोजेक्टात घालायला : महाराज १ सप्टेंबर १९८८ ला मुंबईत गेले. माझं नवीन लग्न झालेलं, आम्ही रावपुऱ्यात भाड्याने. त्या दिवशी सासऱ्यांनी जेवायला पान नको म्हणून सांगितलं. ते दरबारचे कोणी नव्हते हो, पोस्टात होते. मी कोल्हापूरकडची, मला वाटलं शाहू महाराजांसाठी आमच्याकडे असं करतात, इथेपण तसंच. वाघाबिघाचं मात्र कधी कुणी बोललं नाही हे खरं. लक्ष्मीविलासच्या गणपतीचं बोलायचे, क्रिकेटचं बोलायचे.

---

लष्कर_ग्वाल्हेर | दुपारी १:१५

बडोदेकरांनो, ह्यात आम्हालाही धरा. आमचे माधवराव महाराज (जुने, १९२५ ला गेले ते) वाघ मारण्यात कुणाला ऐकणारे नव्हते, आणि वरून आफ्रिकेतून सिंह आणून आमच्या संस्थानाच्या जंगलात सोडले होते. सिंहांनी गुरं आणि माणसं धरायला सुरुवात केली, प्रयोग फसला. आता तिकडेच श्योपूरला कूनोत १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाचे आठ चित्ते सोडलेत. शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान, शिंद्यांची उन्हाळी राजधानी आणि शिकारीचं रान, ते २०२५ च्या मार्चमधे व्याघ्र प्रकल्प झालं. म्हंजे जागा तीच, आधी मचाण होतं, आता कॅमेरा ट्रॅप.

अवांतर : ७२ चा कायदा तर रणजितसिंहांनी लिहिला ना? फत्तेसिंहरावांचे धाकटे भाऊ? ते पण खासदार होते.

---

झूलॉजीवाली | १:३२

नाही नाही नाही. हा घोळ दर वर्षी कुणीतरी घालतं. रणजितसिंह दोन.

एक रणजितसिंह गायकवाड, फत्तेसिंहरावांचे धाकटे भाऊ, १९८० आणि ८४ ला बडोद्याचे खासदार, चित्रकार. दुसरे एम. के. रणजितसिंह झाला, वांकानेरच्या राजघराण्यातले, सौराष्ट्र. ते आयएएस झाले, मध्य प्रदेश केडर. मंडल्याला कलेक्टर होते तेव्हा कान्हातल्या बारशिंग्यांसाठी झगडले, मग दिल्लीत आले आणि ७२ च्या कायद्याचा मसुदा त्यांच्या हातचा. माळढोकांसाठी २०१९ ला सुप्रीम कोर्टात गेले तेही हेच.

---

रावपुऱ्याची_काकू | १:५०

आणि ते आपले व्याही आहेत! म्हंजे बडोद्याचे. राधिकाराजे त्यांचीच मुलगी, रणजितसिंह गायकवाडांच्या समरजितसिंहांची बायको. २००२ ला लग्न झालं.

---

दांडियाबाजारवाला | १:५३

काकू, हे मला माहीत नव्हतं!! थांबा, मग हे असं झालं की फंडाचा पहिला अध्यक्ष बडोद्याचा, कायदा लिहिणारा वांकानेरचा, आणि त्याची लेक बडोद्याच्या वाड्यात सून. लेकीला सांगितलं तर ती म्हणते "बाबा, वंशावळ काढायची का?" आता चार्ट पेपर आणायला पिटाळलंय मला.

---

कडूकारलं | २:२०

वंशावळ काढा, चार्ट पेपरवर सुंदर दिसेल. एका कोपऱ्यात मेलेला काळवीट काढायला विसरू नका.

हे बघा, वांकानेरवाल्यांबद्दल मला आदर आहे. किताब बाजूला ठेवून नोकरी केली, जंगलं पालथी घातली, मसुदा लिहिला, कोर्टात गेले. हे काम मी काम म्हणतो. माझा मुद्दा वेगळा. हे सगळे लोक वाघ वाचवतात, बारशिंगा वाचवतात, माळढोक वाचवतात. आपला विश्वामित्रीतला प्राणी कुरूप आहे, त्याच्या नावाने गाला डिनर होत नाही. तो कुणी वाचवला? मी मकरपुऱ्यात राहतो, तिथून ढाढर नदीकडच्या गावात आमचं शेत आहे. म्हशीला पाणी पाजायला बाई खाली उतरते आणि तिचा हात जातो. तिला तुमच्या पांडाच्या चित्राचं काय?

---

झूलॉजीवाली | ३:०५

@कडूकारलं, ह्यावेळी कडू नाही, खरं बोललात.

नदी पावागढच्या डोंगरात उगवते, बडोद्याच्या मधून वाकडीतिकडी जाते आणि पुढे ढाढरला मिळते. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या गणनेत शहराच्या पट्ट्यात चारशेच्या वर मगर निघाले. एवढ्या मोठ्या वस्तीच्या मधोमध जंगली मगर, जगात अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकी. कायद्याने त्याला वाघाएवढंच वरचं संरक्षण आहे, शेड्यूल वन. पण कायद्याने कागदावर वाचतो, काठावर नाही.

काठावर त्याला वाचवणारी आहे खोडियार माता, मगर तिचं वाहन. चरोतरात, आणंद-खेडा बाजूला, गावच्या तळ्यात मगर असतात आणि तिथेच बायका कपडे धुतात. मलातजला तर खोडियारचं देऊळच आहे. मी तिथे एका म्हातारबुवांना विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाले, "ए एनुं काम करे, अमे अमारुं." हे कुठल्या अध्यक्षाने शिकवलेलं नाही. आणि तरीही, त्या तळ्यात कातडीवाला व्यापारी जाळं घेऊन आला तर म्हातारबुवा त्याला कोर्टात नेऊ शकतात ते ७२ मुळेच. मला दोन्ही लागतात.

हात गेलेल्या बाईला भरपाईची सोय आहे, पण ती मिळवायला किती खेपा घालाव्या लागतात ते तुम्हाला माहीत असेल. तिथे मी गप्प.

---

पेठकर_पुणे | ३:४०

पार्किंगमधल्या आठ फुटी पाहुण्याचं काय झालं ते सांगा की. मधेच सोडून दिलंत.

---

दांडियाबाजारवाला | संध्याकाळी ६:१०

ऑगस्ट २०२४ चा पूर. काळा घोडा पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं होतं. (मी आता दांडिया बाजारात नाही, नाव तेवढं जुनं, राहतो समा बाजूला.) दोन दिवस लाईट नाही, खालच्या मजल्यावरच्या शेवंतीच्या कुंड्या आमच्या जिन्यापर्यंत तरंगत आलेल्या. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि सगळा चिखल. मी स्कूटर बघायला उतरलो. स्कूटर आडवी पडलेली, तिच्यावर चिखल, आणि मागच्या चाकाला लागून कुणाचा तरी टायर पडलाय असं वाटलं. तो टायर नव्हता. शेपटीवर टायरसारखेच खवले असतात, ओले असले की अगदी तसेच दिसतात. मी तीन पायऱ्या मागे कसा आलो ते मला आठवत नाही, चप्पल तिथेच राहिली.

फोनवर फोन, शेवटी चार पोरं आली. कॉलेजची असतील, एकाच्या पायात तर नुसत्या स्लिपर. एकाने ओलं गोणपाट डोळ्यावर टाकलं, लगेच तो शांत झाला. मग दोरीचा फास तोंडावर. पोरगा मला म्हणतो, "अंकल, मिटायला जोर फार, उघडायला काहीच नाही, रबरबँडनेपण राहील." मग तिघं पाठीवर बसले, पाय मागे बांधले, फळीवर घेतला आणि टेंपोत. वीस मिनिटं. वरच्या मजल्यावरच्या बा खाली येऊन त्याच्यावर कुंकू टाकून गेल्या, खोडियारमा घरी आली म्हणून. मी पोरांना चहा दिला, पैसे देऊ केले, घेतले नाहीत. म्हणाले शेव उसळ खिलवा कधीतरी.

त्या पोरांचा नेचर क्लब होता का, मी विचारलं नाही. आज वाटतं विचारायला पाहिजे होतं.

---

झूलॉजीवाली | ६:४५

पुढच्या उन्हाळ्यात, २०२५ ला, नदी खोल आणि रुंद करायचं काम निघालं, पूर परत नको म्हणून. पूर परत नकोच, माझंही घर पाण्यात होतं. पण मगरीची मादी फेब्रुवारी ते एप्रिल काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, वीस-पंचवीस-तीस, आणि पिल्लं पावसाच्या तोंडाशी, साधारण जूनमधे निघतात. पिल्लू नर की मादी हे अंड्याजवळच्या उष्णतेवर ठरतं, म्हंजे माती कुठली, सावली किती ह्यावर. जेसीबी नेमका त्याच महिन्यांत त्याच मातीत. काठावर मोठी भगदाडं दिसतात ती त्यांची बिळं, थंडी-उन्हाळ्यात आत बसायची. काम करताना ती जागा सोडा म्हणून बऱ्याच लोकांनी लिहून दिलं होतं. काही ठिकाणी सोडली, काही ठिकाणी मी स्वतः सपाट झालेली बघितली.

हे मी का सांगतेय, तर मला नेहमी वाटतं की आज राजा नको, पण ज्याच्या एका फोनवर जेसीबी आठ दिवस थांबेल असा माणूस शहरात कोण आहे? फत्तेसिंहरावांचं काम मला तिथे कळतं.

---

कडूकारलं | ७:३०

फोनवर थांबणारा जेसीबी फोनवर सुरू पण होतो बाई. मला नियमाने थांबणारा पाहिजे. पण ठीक, ह्यावर रात्रभर भांडता येईल.

@दांडियाबाजारवाला, चार्टवर वढवाणा पण टाका. डभोईकडचा तलाव, सयाजीरावांच्या वेळी शेतीच्या पाण्यासाठी बांधला, ओरसंग नदीचं पाणी कालव्याने येतं. पक्ष्यांसाठी म्हणून कुणी बांधला नव्हता. आज तिथे थंडीत हजारोंनी बदकं आणि हंस येतात, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबसुद्धा, २०२१ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. माझ्या मते गायकवाडांनी निसर्गासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम हे, आणि ते चुकून झालंय.

---

लष्कर_ग्वाल्हेर | ७:४१

'चुकून झालंय' वर मी हसतोय कधीचा.

---

रावपुऱ्याची_काकू | ८:०२

आम्ही लहान मुलांना वढवाण्याला नेलेलं, लीलो चिवडो आणि थेपले घेऊन. सकाळी लवकर जावं लागतं, ऊन चढलं की पाणी चमकतं आणि काही दिसत नाही. दुर्बीण नव्हती, सासऱ्यांचा क्रिकेट बघायचा गॉगल होता.

---

दांडियाबाजारवाला | रात्री ९:२५

चार्ट झाला. डावीकडे वंशावळ, उजवीकडे वाघ, खाली मगर (पुल्लिंगी, पेठकर). काळवीटपण काढलाय हो कडूकारलं, लेकीने स्वतः काढला, चित्ता त्याच्या मागे लागलेला. खाली तिने लिहिलंय, "आधी शिकार, नंतर संरक्षण." मी काही सांगितलं नाही, तिने धागा वाचला. 'त्यांनी काय केलं?' ह्या प्रश्नाखाली मात्र अडलीये, म्हणते "अध्यक्ष होते" हे उत्तर टीचर घेणार नाहीत. मी म्हटलं नेचर क्लबचं लिही. ती म्हणाली, ते तर त्या ताईंनी केलं, तेवीस जीव. शेवटी दोन्ही लिहिलं, जागा पुरेना म्हणून तिरकं.

---

कडूकारलं | सोमवार, सकाळी ८:५०

ऑफिसला जाताना आज मुद्दाम पुलावर थांबलो. बावीस वर्षं इथून जातोय, कधी थांबलो नव्हतो. ऊन पडलेलं, सगळे काठावर पसरलेले. आठ मोजले. मग शेजारचा भाजीवाला म्हणाला शेवटचं लाकूड आहे. म्हंजे सात.

---

झूलॉजीवाली | ८:५८

लाकूड हललं का? पाच मिनिटं थांबायला हवं होतं.